विश्लेषण : गिनी पिगला माणसाची सोबत का पुरत नाही? एकटा पाळण्यास स्वित्झर्लंडमध्ये मनाई कशासाठी?

घरात दोन गिनी पिग आहेत आणि त्यातला एक मरतो. आपल्याकडे अशा वेळी मुले दोन दिवस रडतात, उरलेल्याचे लाड वाढतात आणि विषय तिथेच संपतो. स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्याच दिवशी मालकापुढे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. तिथे गिनी पिग एकटा ठेवता येत नाही, किमान दोन असावेच लागतात. ऐकायला हा श्रीमंत देशाचा चोचलेपणा वाटतो. पण या नियमामागे हार्मोनच्या पातळ्या मोजून केलेले अनेक वर्षांचे संशोधन आहे आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पिंजऱ्यात एकच गिनी पिग पाळणाऱ्यांनाही ते तितकेच लागू होते.

स्वित्झर्लंडचा नियम नेमका काय?

स्वित्झर्लंडचा नवा प्राणी संरक्षण कायदा आणि त्याखालील नियमावली १ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली. गटाने राहणाऱ्या प्राण्यांना त्यांच्याच जातीच्या प्राण्यांशी पुरेसा संपर्क मिळाला पाहिजे, असे ही नियमावली सांगते. गिनी पिगच्या बाबतीत त्याचा अर्थ किमान दोन प्राणी आणि त्या दोघांसाठी किमान अर्धा चौरस मीटर जागा. ही जागाही फार नव्हे. चार वर्तमानपत्रे पूर्ण उघडून शेजारी शेजारी पसरली तर त्याहून जास्त जागा व्यापतात.

याच नियमावलीत मांजराला वेगळी वागणूक आहे. एकटे मांजर पाळता येते. अट एवढीच की त्याला रोज माणसाचा सहवास मिळावा किंवा निदान दुसरी मांजरे नजरेस पडावीत. म्हणजे मांजरासाठी माणूस चालतो, गिनी पिगसाठी चालत नाही. कायदा करणाऱ्यांनी हा भेद उगाच केलेला नाही.

स्विस लोक प्राण्यांच्या बाबतीत सरसकट हळवे आहेत, असेही नाही. १९९२ च्या सार्वमतानंतर 'सजीवांची प्रतिष्ठा' ही कल्पना त्यांच्या राज्यघटनेत आली हे खरे. पण छळ झालेल्या प्राण्यांची बाजू मांडायला प्रत्येक प्रांतात सरकारी वकील नेमावा, हा प्रस्ताव मार्च २०१० मध्ये मतदानाला आला तेव्हा सुमारे ७० टक्के मतदारांनी तो फेटाळला. गिनी पिगचा नियम मात्र टिकून आहे.

जोडीदार भाड्याने मिळतो, तो कसा?

नियमाने एक अडचण तयार केली. दोनपैकी एक मेला की दुसरा आणायचा. तो तरुण असणार, म्हणजे म्हातारा आधी जाणार. मग तरुण एकटा पडला म्हणून पुन्हा एक आणायचा. मुले मोठी होऊन शिकायला बाहेरगावी गेली, घरात कुणाला हौस उरली नाही, तरी ही साखळी तुटत नाही.

झ्युरिकजवळच्या एका गावात गिनी पिग पाळणाऱ्या एका महिलेने यावर तोडगा काढला. ज्याचा जोडीदार गेला आहे अशा गिनी पिगसाठी ती आपल्याकडचा एखादा प्राणी उसना देऊ लागली. निर्बीजीकरण केलेला नर ५० स्विस फ्रँकला, मादी ६० फ्रँकला. घरचा म्हातारा गिनी पिग मेला की उसना आणलेला परत करायचा आणि निम्मे पैसे माघारी घ्यायचे. २०११ च्या सुमारास युरोपातल्या वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीच्या सदरात छापली. हिशेब मात्र अजिबात गमतीचा नाही. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सोबत मिळते आणि मालकाला कधीतरी थांबता येते.

एकटेपणा मोजता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढते आणि गिनी पिगच्या रक्तात ते मोजता येते. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाक्सर आणि सहकाऱ्यांनी हेच काम अनेक वर्षे केले.

त्यांचा एक प्रयोग फार बोलका आहे. नर गिनी पिगला त्याच्या नेहमीच्या जागेतून उचलून अनोळखी जागेत एकटा ठेवले. कॉर्टिसॉल झपाट्याने वाढले, हे अपेक्षितच होते. मग त्याच अनोळखी जागेत त्याच्यासोबत एक अनोळखी मादी ठेवली. फरक पडला नाही. शेवटी त्याच्या नेहमीच्या सहवासातली, त्याच्याशी जिचे नाते जुळले आहे अशी मादी सोबत ठेवली. या वेळी कॉर्टिसॉलची वाढ लक्षणीयरीत्या कमी होती. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. गिनी पिगला नुसते शेजारी कुणीतरी आहे एवढ्याने धीर येत नाही. धीर येतो तो ओळखीच्या सोबत्यामुळे. म्हणूनच अनेक पशुवैद्य आजारी गिनी पिगला दवाखान्यात आणताना त्याच्या जोडीदारालाही त्याच टोपलीत आणायला सांगतात. मालकाला ते ओझे वाटते, पण टोपलीतल्या प्राण्यासाठी ते औषधच असते.

पिल्लांवरचे संशोधन यापेक्षाही अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील राइट स्टेट विद्यापीठाचे मायकल हेनेसी यांनी आईपासून दूर केलेल्या पिल्लांचे निरीक्षण केले. नव्या पिंजऱ्यात एकटे ठेवलेले पिल्लू सुरुवातीला शिट्टीसारखा आवाज काढून सारखे ओरडते. काही वेळाने ते गप्प होते. अंग चोरून बसते, डोळे मिटते, अंगावरचे केस उभे राहतात. ताप आलेल्या प्राण्यासारखे ते दिसते आणि हे साम्य फक्त दिसण्यापुरते नाही. सूज कमी करणारी द्रव्ये दिल्यावर पिल्लांचे हे गप्प बसणे कमी झाले. आई सोबत असली तर पिल्लाच्या ताणाला आपोआपच लगाम बसतो.

पेट शॉपमधून आणलेले पिल्लू पहिल्या रात्री ओरडते आणि दुसऱ्या दिवसापासून शांत होते. 'रुळलं बरं का,' असे घरातले म्हणतात. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले शांत पिल्लू रुळलेलेच असेल असे नाही, हे या प्रयोगांवरून कळते.

लहानपणीची संगत पुढे किती उपयोगी पडते?

झाक्सर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. काही नर मोठ्या गटात, नर-माद्यांच्या मिश्र वसाहतीत वाढवले. काही नर इतर नरांपासून वेगळे वाढवले. मोठे झाल्यावर त्यांची गाठ अनोळखी नरांशी घालून दिली. वसाहतीत वाढलेल्यांनी आपापसांत मोठा-धाकटा कोण ते फारशी मारामारी न करता ठरवले. वेगळे वाढलेले मात्र भिडले आणि त्यांच्यातल्या ताणाची पातळी खूप वर गेली.

वयात येताना मोठ्या नरांचा धाक सोसावा लागतो, माघार कधी घ्यायची ते कळते. तो धडा ज्यांना मिळाला नाही त्यांना तो पुढे सहज येत नाही. 'आमचा गिनी पिग भांडकुदळ आहे, दुसरा आणला तर चावतो, म्हणून एकटाच ठेवलाय,' असे सांगणाऱ्या मालकांनी या निष्कर्षाचा विचार करावा. बऱ्याचदा भांडकुदळपणा हे एकटे ठेवण्याचे कारण नसते, परिणाम असतो.

या स्वभावाचे मूळ त्याच्या इतिहासात आहे. गिनी पिग हा गिनी देशातला नाही आणि डुक्कर तर नाहीच. जर्मन भाषेत त्याला 'समुद्रातले छोटे डुक्कर' म्हणतात, तेही चूकच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाच्या भागातला उंदीरवर्गीय प्राणी. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळवले. पेरूच्या खेड्यांत आजही स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला त्यांचे लहानसे कळप मोकळे फिरताना दिसतात. त्यांचे रानटी नातेवाईक एक नर आणि एक-दोन माद्या अशा छोट्या गटांत राहतात. माणसाळलेला गिनी पिग रानटी नातेवाइकांपेक्षा कमी आक्रमक आणि जास्त मिळूनमिसळून राहणारा आहे, हे झाक्सर यांच्या गटाने १९९९ मध्ये मोजमापांसह मांडले. म्हणजे हजारो वर्षे माणसाने त्याला गर्दीत राहण्यासाठीच घडवले. एका पिंजऱ्यात एक हा प्रकार त्या मानाने अगदी अलीकडचा.

माणूस सोबती का होऊ शकत नाही?

फ्रिज उघडल्याचा आवाज येताच किंवा भाजीची पिशवी खुळखुळताच गिनी पिग 'वीक-वीक' असा कर्कश पुकारा करतो. मालकाला वाटते, आपल्याला ओळखले. ओळखलेले असतेच, पण ते कोथिंबीर आणणारा म्हणून. एरवी दोन गिनी पिगमध्ये दिवसभर चाललेली बारीक कुजबुज, घुमल्यासारखा गुरगुराट, नाकाला नाक लावणे, एकाने मान वर केली की दुसऱ्याने सावध होणे, यातले काहीही माणसाला करता येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. गिनी पिग माणसासारखा सलग सात तास झोपत नाही. थोडी डुलकी, थोडे खाणे, पुन्हा डुलकी असे त्याचे दिवस-रात्र चालते. नोकरीला जाणारा माणूस दहा तास बाहेर आणि सात तास झोपेत असतो. उरलेल्या सात तासांत मोबाइलही असतो.

शिवाय गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी आहे. वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटू शकतो. मांडीवर घेतल्यावर तो हलत नाही याचा अर्थ तो नेहमी सुखावलेला असतोच असे नाही. भीतीनेही तो असाच थिजतो. हळूहळू सवयीने तो माणसावर विश्वास ठेवतो, हातातून खातो, हे खरे. पण दुसरा गिनी पिग जवळ असेल तर ही भीड लवकर चेपते. दोन ठेवले तर ते आपल्याला विचारणार नाहीत, ही अनेकांची शंका त्यामुळे फारशी खरी ठरत नाही.

मग सोबत ससा ठेवला तर?

नको. सशाची मागच्या पायाची एक लाथ गिनी पिगला गंभीर जखमी करू शकते. सशांच्या श्वसनमार्गात 'बोर्डेटेला' नावाचे जिवाणू कोणतेही लक्षण न दाखवता असू शकतात आणि त्यांनी गिनी पिगला न्यूमोनिया होऊ शकतो. दोघांचे खाणेही वेगळे. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते ढोबळी मिरचीसारख्या भाज्यांतून रोज द्यावे लागते. सशाला ती गरज नसते.

'जोडी' म्हणजे नेमकी कोणती?

इथे आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते. दुकानात 'जोडी द्या' म्हटले की नर आणि मादी असाच अर्थ घेतला जातो. पोपट, लव्हबर्ड्सच्या बाबतीत रूढ झालेला तो शब्द गिनी पिगला लावला की गणित हाताबाहेर जाते.

मादीचा गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवस. एका वेतात बहुधा दोन ते चार पिल्ले. व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे नर सोबतच राहिला तर सात महिन्यांच्या आत तीन वेत, साधारण नऊ पिल्ले. ही पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि पहिल्याच दिवशी गवत कुरतडू लागतात. नर पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की आई-बहिणींपासून वेगळे करावे लागते, नाहीतर पुढची पिढी तिथूनच सुरू होते. मादीलाही यात धोका आहे. सात-आठ महिन्यांपर्यंत एकदाही न व्यायलेल्या मादीच्या ओटीपोटाकडचा हाडांचा सांधा घट्ट होतो. त्यानंतरचे पहिले बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून जोडी निवडताना पर्याय तीन. दोन माद्या, हा सर्वांत सोपा. निर्बीजीकरण केलेला एक नर आणि एक-दोन माद्या, हा सर्वांत स्थिर, फक्त शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे नराला माद्यांपासून लांब ठेवावे लागते, कारण तेवढे दिवस तो पिल्ले देऊ शकतो. तिसरा पर्याय एकत्र वाढलेले दोन नर. जागा ऐसपैस असेल आणि आसपास मादी नसेल तर तेही चांगले नांदतात. तीन नर एका पिंजऱ्यात ठेवणे मात्र भांडणाला आमंत्रण. लहान वयात नर-मादी ओळखणे नवख्याला कठीण असते, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर न राहता पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

ओळख कशी करून द्यावी?

नवा प्राणी आणल्याबरोबर जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नये. आधी साधारण दोन आठवडे वेगळे ठेवावे, कारण खरूज आणि बुरशीचा संसर्ग लगेच दिसत नाही. त्यानंतर दोघांनाही परक्या असलेल्या जागेत, म्हणजे बाथरूम किंवा रिकाम्या खोलीच्या फरशीवर चादर अंथरून, मध्ये सुक्या गवताचा मोठा ढीग ठेवून दोघांना एकत्र सोडावे.

पुढचा तासभर मालकाची परीक्षा असते. एकमेकांच्या मागे धावणे, पाठीवर चढणे, कंबर हलवत गुरगुरणे हे सगळे होते आणि ते होऊ द्यावे. कोण मोठा ते ठरत असते. मध्येच उचलले तर तो वाद अर्धवट राहतो आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतो. दात कडकड वाजू लागले, मानेवरचे केस फुलले तर सावध व्हावे. रक्त निघाले तर लगेच वेगळे करावे, पण हाताने नाही. टॉवेल टाकून.

पिंजऱ्यात दोन लपण्याच्या जागा, त्यांना दोन-दोन तोंडे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि गवत दोन ठिकाणी. एकच वाटी ठेवली तर धाकट्याला उपास घडतो. एवढे करूनही दोघांचे पटलेच नाही, असे होऊ शकते. अशा वेळी मध्ये जाळी घालून शेजारी ठेवले तरी एकमेकांचा वास आणि आवाज मिळत राहतो. एकट्यापेक्षा ते बरे.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचे वजन करून लिहून ठेवणे ही आणखी एक साधी, पण फार उपयोगाची सवय. गिनी पिग आजार लपवतो. एक गप्प बसला आहे तो सोबत्याच्या धाकाने, एकटेपणाने की दातांच्या दुखण्याने, हे डोळ्यांना कळत नाही. वजन घटू लागले तर कळते. आणि चोवीस तास खाल्ले नाही तर 'उद्या बघू' म्हणण्याची सोय नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

सोबत्याबाबत काहीच नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. इतक्या पैशांत गिनी पिगची कोथिंबीरही दोन दिवस पुरत नाही. पेट शॉपसाठी २०१८ मध्ये केंद्राने नियम केले. त्यात पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनी पिगचे नाव स्पष्ट आहे आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. हे नियम विक्रेत्यासाठी आहेत. प्राणी घरी गेल्यावर तो एकटा राहतो की दुकटा, हे विचारणारे कुणी नाही.

महाराष्ट्रात दोन पाळायचे तर एक अडचण युरोपपेक्षा वेगळी आहे, ती उन्हाची. गिनी पिगला घाम येत नाही. तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. छोट्या पिंजऱ्यात दोन प्राणी कोंबले तर ऊब आणखी वाढते. पिंजरा मोठा घेता येत नसेल, खोली गार ठेवता येत नसेल, तर दुसरा आणण्यापेक्षा गिनी पिग पाळण्याचाच बेत रद्द करणे योग्य.

एकटा आणि म्हातारा उरला तर?

गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. सहा वर्षांचा एक मागे राहिला आणि घरात आता दुसरी पिढी नको असेल, तर हा प्रश्न आपल्याकडेही येतोच. उसना जोडीदार देणारी स्विस सेवा इथे नाही. मात्र गिनी पिग तपासणाऱ्या पशुवैद्याकडे अशीच एकटी उरलेली दुसरी घरे ठाऊक असण्याची शक्यता असते. दोन्ही मादी असतील, किंवा त्यातला नर निर्बीजीकरण केलेला असेल, तर दोन घरांतले दोन म्हातारे एका घरात आणता येतात. कोणाच्या घरी ठेवायचे, वैद्यकीय खर्च कोणी करायचा आणि एक गेल्यावर दुसरा कोणाकडे राहणार, हे प्राणी हलवण्याआधी बोलून घ्यावे. नाते जुळायला दोन-तीन आठवडे लागतात, त्या काळात रिकामा झालेला पिंजरा विकून टाकू नये.